एडी साउथ आणि आमच्या घरातला बाख

गेल्या थंडीत आमच्या घरात रोज संध्याकाळी सात ते साडेसात बाख या जर्मन संगीतकारावरून भांडण व्हायचं. व्हायोलिन शिकवण्याच्या सुझुकी पद्धतीच्या चौथ्या पुस्तकाच्या शेवटी बाखचा दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो, म्हणजे दोन व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना, येतो. त्यातल्या पहिल्या भागाचं दुसरं व्हायोलिन चौथ्या पुस्तकात आणि पहिलं व्हायोलिन पाचव्यात. माझी लेक पाचव्यात आहे, मी चौथ्यात. ती अकरा वर्षांची, मी सेहेचाळीसची. तिला क्लासला न्यायचं, बाहेर खुर्चीवर तासभर बसायचं, त्यापेक्षा आपणही शिकावं म्हणून मी सुरुवात केली. तिला कधीतरी गाठेन अशी वेडी आशा होती. आता तीही उरलेली नाही.

सुरुवात करायची ती मी. दुसरं व्हायोलिन आधी निघतं, खालच्या सा पासून पायरी पायरीनं पंचमापर्यंत चढतं आणि मग एकदम उड्या मारायला लागतं. चार मात्रांची चार आवर्तनं झाली की पहिलं व्हायोलिन तीच ओळ पंचमावरून उचलतं. म्हणजे मी पुढे आणि लेक मागून येऊन मला डोक्यावरून ओलांडून जाणार. बाखनं हे मुद्दाम माझ्यासाठीच लिहून ठेवलं असावं. मी उड्यांच्या जागी अडखळायचे, ती थांबायची, सुस्कारा सोडायची, पुन्हा पहिल्यापासून.

कंटाळून एक दिवस तिनं खोडी काढली. बाखचे जे स्वर सारख्या मापाचे, ते तिनं झुलवायला सुरुवात केली. पहिला लांब, दुसरा आखूड, लांब, आखूड. स्वर तेच, पण चाल अशी की घोडा लंगडतोय की नाचतोय ते कळेना. मला हसू आवरेना. नेमकं हेच तिनं पुढच्या शनिवारी क्लासमध्येही केलं.

आमच्या बाई सत्तरीच्या आहेत आणि कडक आहेत. अंगठा वाकला नाही तर गजाच्या टोकानं हळूच टोचतात. मला वाटलं, आता हिची खैर नाही. बाईंनी व्हायोलिन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि फोन शोधायला लागल्या. "हे तुझ्या आधी कोणीतरी करून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबर १९३७, पॅरिस. दोन व्हायोलिन, एक गिटार. आणि त्यातला एकजण आपल्या इथला, शिकागोचा."

तो एडी साउथ, कृष्णवर्णीय जॅझ व्हायोलिनवादक. मी या शहरात चौदा वर्षं राहतेय आणि त्याचं नाव तोवर ऐकलं नव्हतं.

ते साधारण तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण मी त्या रात्री किती वेळा ऐकलं, याची मोजदाद नाही. एक व्हायोलिन एडी साउथचं, दुसरं फ्रेंच जॅझवादक स्तेफान ग्रापेलीचं, आणि बाखनं जिथे अख्खा वाद्यवृंद लिहिलाय तिथे त्याचा जोडीदार जँगो राइनहार्ट एकटा गिटारवर ठोके देतोय. जँगोला स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ मध्ये लागलेल्या आगीत निकामी झालेली. पण तो ठोका असा की त्याच्यावर कोणीही निर्धास्त उभं राहावं. साउथ तेव्हा तेहतीस वर्षांचा व्हायचा होता. ध्वनिमुद्रण झालं २३ आणि २५ नोव्हेंबरला आणि त्याचा वाढदिवस २७ ला. जन्म १९०४ चा, मिझुरी राज्यातल्या लुइझिआना नावाच्या गावातला. हो, लुइझिआना हे मिझुरीतलं, मिसिसिपीच्या काठावरचं एक गाव आहे. जॅझवाला आणि जन्म लुइझिआनाचा म्हटल्यावर न्यू ऑर्लिन्सचाच असणार असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि दोन दिवस लोकांना सांगतही होते.

घरचे लोक त्याला लहानपणीच शिकागोला घेऊन आले. त्या काळात दक्षिणेकडून कृष्णवर्णीय कुटुंबं गाड्या भरभरून या शहरात येत होती. १९१० च्या जनगणनेत शिकागोत त्यांची संख्या ४४ हजार, १९३० मध्ये २ लाख ३३ हजार. राहायला मिळायची ती दक्षिण भागातली एक चिंचोळी पट्टी. १९१९ च्या जुलैमध्ये मिशिगन तळ्यात पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा, तरंगत पलीकडच्या 'गोऱ्यांच्या' पाण्यात गेला म्हणून दगड खाऊन बुडाला आणि दंगल उसळली. ३८ माणसं मेली. एडी तेव्हा चौदाचा होता. शहर असं, आणि मुलगा व्हायोलिनवर असा हात असलेला की लोक त्याला बालकलाकार म्हणून दाखवत. शिकागो म्युझिकल कॉलेजमध्ये त्याचं रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण झालं.

आता इथे जो प्रश्न मला पडला तो कोणालाही पडेल. हे शिक्षण घेऊन तो जाणार कुठे?

शिकागो सिम्फनी १८९१ पासून आहे. तिच्यात पहिला आफ्रिकन-अमेरिकन वादक घेतला गेला २००२ साली, तोही ट्रम्पेटवाला. मधली एकशे अकरा वर्षं. वादकांच्या युनियनसुद्धा दोन होत्या. गोऱ्यांची लोकल १०, कृष्णवर्णीयांची लोकल २०८, आणि त्या एक झाल्या १९६६ मध्ये. साउथच्या आधीच्या पिढीत विल मॅरियन कुक होता. तो बर्लिनला जाऊन थेट जोआखिम या नामवंत व्हायोलिनवादकाच्या शाळेत शिकून आला. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमानंतर एका समीक्षकानं त्याला 'जगातला सर्वश्रेष्ठ कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक' म्हटलं. कुक त्याच्या कचेरीत गेला, म्हणाला, मी जगातला सर्वश्रेष्ठ व्हायोलिनवादक आहे, आणि तिथेच व्हायोलिन आपटून फोडलं. हे असंच घडलं का, याची मला शंका आहे, इतक्या बेतशीर गोष्टी सहसा घडत नाहीत. पण ती पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, यातच सगळं आलं. कुकनं पुढे रंगभूमीसाठी संगीत केलं आणि १९१९ मध्ये मोठा वाद्यवृंद घेऊन तो लंडनला गेला.

साउथच्या तरुणपणी शिकागोत कृष्णवर्णीय व्हायोलिनवाल्याला बऱ्यापैकी पैसे मिळतील अशी एक जागा मात्र होती, मूकपटांची थिएटरं. स्टेट स्ट्रीटवरच्या वेन्डोम थिएटरात अर्स्किन टेटचा वाद्यवृंद होता. टेट स्वतः व्हायोलिनवाला. पडद्यावर चित्रपट चालू असताना खाली बसून वाजवायचं, मध्येच ऑपेरातलं काहीतरी, मध्येच जॅझ. लुई आर्मस्ट्राँग १९२५ पासून तिथे वाजवायला लागला, तेव्हा लोक चित्रपटासाठी यायचे की त्याच्यासाठी, हा वादाचा विषय. साउथनंही टेटकडे वाजवलं. ऑपेराचं ओव्हर्चर आणि जॅझचं स्टॉम्प एकाच संध्याकाळी, त्याच खुर्चीत, त्याच गजानं. मला वाटतं, 'शास्त्रीय' आणि 'जॅझ' या दोन वेगळ्या खोल्या आहेत हे त्याला पुढे बाहेरच्या लोकांनीच सांगितलं असणार. वेन्डोममध्ये पडद्याखालच्या वादकांच्या खड्ड्यात बसणाऱ्याला तसं वाटायचं काही कारण नव्हतं.

जॅझ त्याला दाखवलं ते डार्नेल हॉवर्डनं. हॉवर्ड वयानं मोठा, व्हायोलिन आणि क्लॅरिनेट दोन्ही वाजवायचा. पुढे तो क्लॅरिनेटकडेच वळला. ही 'वळण्याची' गोष्ट लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

आपल्याला वाटतं, जॅझ म्हणजे पितळी वाद्यं आणि व्हायोलिन ही नंतरची हौस. उलट आहे. न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या बँडांमध्ये पुढारी बहुतेकदा व्हायोलिनवाला असायचा, कारण स्वरलिपी वाचता येणारा बऱ्याचदा तोच. नवं गाणं आलं की तो सरळ चाल वाजवून दाखवायचा, बाकीचे कानानं उचलायचे. ओरिजिनल क्रिओल ऑर्केस्ट्राचा जिमी पालाओ तसाच. पण दोन कॉर्नेट आणि एक ट्रॉम्बोन फुंकायला लागल्यावर नाचाच्या हॉलमध्ये चार तारांचा आवाज कुठे पोचणार? त्यात ध्वनिमुद्रण. १९२५ च्या आधी मायक्रोफोन नव्हता, मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं. भोंग्याला पितळ आवडायचं, व्हायोलिन आवडायचं नाही. काहीजण तर व्हायोलिनलाच पत्र्याचा कर्णा लावून घेत. १९२३ मध्ये जिमी वेडच्या मुलां रूज ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डवर एकोणीस वर्षांचा साउथ आहे. ती ऐकताना मी कान इतका लावला की लेकीनं विचारलं, "आई, शेजाऱ्यांचं भांडण ऐकतेयस का?"

१९२७ मध्ये त्यानं व्हिक्टर कंपनीसाठी स्वतःच्या 'अलाबामियन्स' या चमूबरोबर ध्वनिमुद्रण केलं, आता विजेच्या मायक्रोफोनवर, आणि अचानक माणूस खोलीत आल्यासारखा वाटतो. अर्थात वाजवतोय काय, तर 'ला रोसिता'सारखं गोडगोड. खरं सांगायचं तर त्याच्या अशा काही रेकॉर्ड मला ऐकवत नाहीत. सायंकाळ, दिवे, मंद हॉटेल, कोणीतरी सूपचा चमचा हलवतंय, असं डोळ्यांपुढे येतं. जॅझच्या इतिहासकारांनी त्याला जे कोपऱ्यात ठेवलं त्याचं एक कारण हे गोडगोडपण असावं. त्याला नाव पडलं 'व्हायोलिनचा डार्क एंजल'. हे बिरुद मला कानाला लागतं, पण त्यानं ते आयुष्यभर वागवलं, जाहिरातीत छापलं, पोट भरायला वापरलं. मी कोण बोलणार?

१९२८ मध्ये तो चमू घेऊन युरोपला गेला आणि १९३१ पर्यंत तिकडेच फिरला. पॅरिसमध्ये आणि बुडापेस्टमध्ये पुन्हा शिकला. बुडापेस्टमध्ये त्याच्या कानावर जिप्सी व्हायोलिनवाले पडले आणि ते त्याच्या हातातून पुन्हा कधी गेले नाहीत. गज तारेवर टेकवून आधी थोडा वेळ नुसता दाबून ठेवायचा, मग सोडायचा, आणि सोडल्यावर असा धावायचा की ताल मागे राहतो की काय अशी भीती वाटावी. 'टू गिटार्स' घ्या, नाहीतर हंगेरियन संगीतकार हुबाईचं 'हेय्रे काती' घ्या. मी व्हायोलिनवर ते दाबून सोडणं करून पाहिलं. दार करकरल्यासारखा आवाज आला.

तो परत आला तेव्हा इथे दोन गोष्टी झालेल्या. एक मंदी. दुसरी म्हणजे बोलपट. १९२७ पासून पडदा बोलायला लागला आणि दोनतीन वर्षांत थिएटरांनी वाद्यवृंद घरी पाठवले. मिल्ट हिंटनची हकिगत मला या सगळ्यात सर्वात जास्त लागली. पुढे हिंटन बास वाजवणाऱ्यांमधला शिरोमणी झाला, कॅब कॅलोवेच्या बँडमधून सगळ्या जगाला ठाऊक झाला. पण मुळात तो व्हायोलिनचा मुलगा. जन्म १९१० चा, व्हिक्सबर्गहून कुटुंब शिकागोला आलं, आई घरी संगीत शिकवायची, मुलाच्या हातात व्हायोलिन दिलं. वेन्डोमसारख्या थिएटरात नोकरी, हे ध्येय. तो तयार झाला आणि नोकऱ्याच गेल्या. मग ट्यूबा, मग बास. ज्या वयात त्याला कळलं की आपण शिकलेल्या गोष्टीचा आता काही उपयोग नाही, ते वय विशीच्या आतलं होतं. माझ्या लेकीकडे बघत बघत मी ते वाचत होते.

आणि हा हिंटन ज्याच्या चमूत बास घेऊन उभा राहिला तो कोण, तर एडी साउथ. म्हणजे ज्या वाद्यानं त्याला दगा दिला तेच वाद्य समोर तीन फुटांवर, आणि याच्याकडे त्याला ठेका देण्याचं काम. हिंटननं पुढे आयुष्यभर साउथबद्दल आदरानंच सांगितलं. मला नसतं जमलं.

वळणाऱ्यांची यादी लांब आहे. हॉवर्ड क्लॅरिनेटकडे गेला. शिकागोचाच रे नान्स ट्रम्पेटकडे गेला, १९४० मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये लागला, पण व्हायोलिन त्यानं सोडलं नाही, मधूनमधून काढायचा. कॅन्सस सिटीकडचा क्लॉड विल्यम्स काही काळ गिटारवाला म्हणून जगला. स्टफ स्मिथ वळला नाही. त्यानं दुसरा उपाय काढला, व्हायोलिनला विजेचा ध्वनिवर्धक लावला. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑनिक्स क्लबात गजाच्या टोकाच्या चार बोटांएवढ्या भागानं तो असे फटके मारायचा की ट्रम्पेटवाल्यांनी मागे वळून बघावं. लोकांना विचारा, जॅझ व्हायोलिन कोणाचं, तर स्टफ स्मिथचं म्हणतील, आणि बरोबरच आहे ते. साउथनं यातलं काहीच केलं नाही. वाद्य बदललं नाही, आवाज वाढवला नाही, टोकानं फटके मारले नाहीत. पूर्ण गज, मुळापासून टोकापर्यंत, कॉलेजात शिकवला तसा.

तर १९३७. पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलेलं आणि साउथ पुन्हा तिकडे. त्याच वर्षी शार्ल दलोने आणि युग पानासिए यांनी 'स्विंग' नावाची, फक्त जॅझच काढणारी रेकॉर्ड कंपनी सुरू केली होती. सप्टेंबरमध्ये साउथला जँगोबरोबर बसवलं. 'एडीज ब्लूज' तेव्हाचं, नुसतं व्हायोलिन आणि गिटार.

यातली एक जागा मला दाखवायची आहे. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातला गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. पियानोवर तो नाहीच, पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम दाबून त्याची नक्कल करतात. व्हायोलिनला पडदे नाहीत, त्यामुळे बोट हवं तिथे थांबू शकतं. साउथ कोमल गंधारावर येतो, तिथून शुद्धाकडे मींड घेतो आणि पोचत नाही. पोचता येत नाही म्हणून नव्हे, हा माणूस सुरात इतका पक्का आहे की इतरत्र केसभर हलत नाही. तो मुद्दाम उंबऱ्यावर थांबतो, तिथेच कंप देतो आणि परत फिरतो. आपल्याकडच्या गाण्यावर कान तयार झालेल्या माणसाला ही जागा लगेच ओळखीची वाटेल. मला वाटली. मी लेकीला हाक मारली, पुन्हा लावलं, बोट वर करून सांगितलं, "आता बघ हं, आता." ती म्हणाली, "बेसूर आहे का तो?" मी म्हटलं, नाही गं. मग दोघींनी आपापल्या तारेवर तो मधला गंधार शोधायचा प्रयत्न केला. अर्धा तास. बाखचं भांडण त्या दिवशी झालं नाही.

'डाफ्नी'मध्ये साउथ आणि ग्रापेली दोघं आहेत. चाल जँगोची, डी या सुराच्या पट्टीतून निघते, मधल्या भागात अर्ध्या स्वरानं वर सरकते आणि परत खाली येते. आवाजावरून दोघांना ओळखायला मला दोन-तीन आठवडे लागले. ग्रापेलीचा गज हलका, वाऱ्यावर धरल्यासारखा, कुठे टेकतच नाही. साउथचा जड, गडद, तारेच्या पोटात शिरणारा. ग्रापेली बराचसा आपला आपण शिकलेला, साउथ कॉलेजातला. पण ग्रापेलीला पुढे सगळं जग मिळालं, तो नव्वदीच्या जवळ जाईपर्यंत वाजवत राहिला. यात त्याचा दोष नाही, तो खरंच मोठा होता. तरी मी त्या रेकॉर्डमध्ये साउथचीच बाजू घेते. माझी बाजू घेण्याची सवय जुनी आहे.

आणि मग नोव्हेंबर, बाख.

बाखची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. एकाचं नाव साधारण 'पहिल्या भागाचा स्विंग अन्वयार्थ', दुसऱ्याचं 'पहिल्या भागावर उत्स्फूर्त वादन'. पहिल्यात दोघं बहुतांशी बाखनं लिहिलेलंच वाजवतात, मधली कापाकापी सोडली तर. फक्त ते झुलतं, लेकीनं झुलवलं तसं; त्यालाच स्विंग म्हणतात. दुसऱ्यात लिहिलेलं सोडून देतात आणि उपज करत जातात. जाणकारांचा कल दुसऱ्याकडे असतो, कारण जॅझ म्हणजे उपज. आमच्या बाईंचंही तेच मत.

मला पहिलं आवडतं. कारण सांगते, पटलं तर बघा.

एडी साउथनं उपज करणं यात कोणालाच काही नवल नव्हतं. कृष्णवर्णीय माणूस, हातात वाद्य, करेलच उपज, अशीच जगाची समजूत. त्यासाठीच त्याला पैसे देत. पण त्याच्या हातात बाखची छापील स्वरलिपी आहे आणि तो ती वाजवतोय, तीसुद्धा रेकॉर्डसाठी, हे त्याच्या स्वतःच्या शहरात कोणी मागितलं नव्हतं. ते मागायला पॅरिसचे जॅझवेडे लागले, आणि तेही स्विंगच्या नावाखाली. ती पहिली ओळ निघते, सा पासून पंचमापर्यंत पायरी पायरीनं, तीच जी मी रोज अडखळत काढते. पाठीमागे जँगोचा ठोका. साउथ त्या सरळ पायऱ्या चढताना मला कुठेही खट्याळपणा ऐकू येत नाही. लेक झुलवते ती गंमत म्हणून. साउथ झुलवतो आणि तरी वाक्य न वाक्य बाखचं राहतं, उड्या जिथे हव्यात तिथे, श्वास जिथे हवा तिथे. हे ज्यानं पोरवयापासून घोकलंय त्यालाच जमतं.

बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू त्याच्यावर स्वतःचं काहीतरी लादतेयस. दोन मित्र गंमत करतायत." असेल. त्यांनी हे आयुष्य जवळून पाहिलंय, मी नाही. त्यांचा पहिला शिक्षक चर्चमधला ऑर्गनवाला होता, आणि वाद्यवृंदाच्या एका निवडचाचणीबद्दल त्या एकदा बोलायला लागल्या होत्या आणि मग थांबल्या. मीही विचारलं नाही.

पुढचं आयुष्य मी भराभर सांगते, कारण त्यात फार चढउतार नाहीत. तो अमेरिकेत परतला, क्लबांतून वाजवलं, रेडिओवर वाजवलं, १९५० च्या दशकात शिकागोच्या टीव्हीवरही दिसला. बीबॉप हा जॅझचा नवा, वेगवान प्रकार आला, त्यात व्हायोलिनला जागा नव्हती. २५ एप्रिल १९६२ ला शिकागोतच गेला, सत्तावन्न वर्षांचा. त्याच १९६२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं पहिला कृष्णवर्णीय कायम सभासद घेतला. सॅनफर्ड अॅलन. व्हायोलिनवाला.

मार्चमध्ये थोडं ऊन पडल्यावर आम्ही दोघी वेन्डोमची जागा बघायला गेलो. दक्षिण स्टेट स्ट्रीट, ३१४५ नंबर. थिएटर केव्हाच पाडलं. तो सगळा भाग आता आयआयटीचा आहे. आपली नव्हे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. पण गेटवरची पाटी बघून माझ्यातल्या मराठी आईच्या पोटात क्षणभर जे हललं ते हललंच. चौकोनी काचेच्या इमारती, कापलेलं गवत, पाठपिशवी उशाला घेऊन पडलेला एक विद्यार्थी. थिएटरची खूण म्हणावी असं काही मला दिसलं नाही. मी फोनवर तो बाख लावला, आवाज पूर्ण वाढवला. वरून ग्रीन लाइनची गाडी गेली आणि पहिल्या व्हायोलिनच्या प्रवेशाची जागा तिनं पूर्ण खाल्ली. लेक म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावला. पुन्हा गाडी. तिसऱ्यांदा आम्ही गाडी जाऊ दिली, मग लावला.

मेमध्ये वर्गाचा कार्यक्रम आहे, आम्ही दोघी बाख वाजवणार आहोत. लेकीच्या स्वरलिपीवर पहिल्या ओळीच्या वर बाईंनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, 'कार्यक्रमात सरळ'. काल सरावाला बसताना बघितलं, तर त्याच्या खाली बारीक अक्षरात लेकीनं लिहिलंय, 'घरी नाही'. बाईंनी ते पाहिलं असणार, कारण त्याच्यावर त्यांची बरोबरची खूण आहे.